पाण्याचा कडता

तबीइयातचा पर्चा देऊन आम्ही शाळेमागच्या लिंबाखाली जमलो, तेव्हा आमच्याजवळ होतं ते असं: मुलं चार, टाक चार, दौती तीन (त्यांतली एक कोरडी), शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा एक, कोंडीरामच्या टोपीत भाजलेल्या शेंगा, आणि प्रश्नांचा छापील पर्चा एकच. पर्चे खरं तर चौघांनाही मिळाले होते. पण ज्यांनी त्यावर आकडेमोड केली, त्यांचे पहाऱ्यावरच्या मास्तरांनी काढून घेतले. गुरुलिंगचा पर्चा कोरा होता, म्हणून तो त्याच्याकडं राहिला, आणि पर्चा ज्याच्या हातात तोच न्यायाधीश, हे कुणी न ठरवता ठरलं.

तबीइयात म्हणजे पदार्थविज्ञान. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूत होती. आम्ही घरी मराठी बोलायचो, पेठेत मराठी आणि कानडी, आणि पारा, आरसा, लोलक यांच्याशी उर्दूत. साल १३५३ फसली, महिना खुर्दाद. सोलापूरकडच्या माणसांसाठी सांगायचं तर एप्रिल १९४४. मॅट्रिकचा तोच पर्चा त्याच घटकेला औरंगाबादेत, गुलबर्ग्यात आणि वरंगळातही उघडला गेला होता. पास व्हायला शंभरात तेहतीस लागत.

चौथ्या प्रश्नापर्यंत काही विशेष घडलं नाही. गुरुलिंग प्रश्न वाचायचा, आपलं उत्तर सांगायचा, आणि मी व कोंडीराम आपापल्या नशिबाप्रमाणं मान हलवायचो. लोलकाच्या प्रश्नात माझं चुकलं. आरशाच्या प्रश्नात कोंडीरामनं मेणबत्तीची प्रतिमा आरशाच्या चौकटीबाहेर काढली होती. ती आरशात मावत नव्हती, असं त्याचं म्हणणं. चौथा शिवशरण शेंगा सोलत होता.

पाचवा प्रश्न आठ मार्कांचा होता. एका थर्मामीटरवर आकडेच नाहीत. वितळत्या बर्फात पारा तीन इंचांवर, उकळत्या पाण्यात अकरा इंचांवर. सात इंचांवर असेल तेव्हा तापमान किती अंश?

"पन्नास," गुरुलिंग म्हणाला. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की पुढचा प्रश्न तो वाचायलाही लागला. मी पन्नास म्हणालो. कोंडीरामचंही पन्नासच होतं, आणि त्याचं उत्तर बरोबर यावं असा प्रश्न निघाला म्हणून तो परीक्षकाचं कौतुक करायला लागला.

शिवशरण म्हणाला, "माझं एकोणपन्नास."

मधोमध म्हणजे निम्मे, आणि शंभराचे निम्मे पन्नास, हे गुरुलिंगनं त्याला काडीनं मातीत रेघ ओढून दाखवलं. शिवशरणनं रेघेचं ऐकलं. मग तो म्हणाला की निम्मे बरोबर आहेत, पण शंभर नाहीत. धाराशिवला पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं.

इथं शिवशरणबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्याचे वडील महालिंगप्पा यांची पेठेत मिरचीची अडत होती. शेतकऱ्यानं आणलेलं पोतं काट्यावर चढलं की माती-कचऱ्यापोटी शंभर शेरांमागं दोन शेर वजा धरायचे, असा आमच्या पेठेचा रिवाज. त्याला कडता म्हणतात. कोंडीरामचे वडील धोतराचा सोगा सावरत तो कडता दरवर्षी सोसणाऱ्यांपैकी होते.

"आयला," कोंडीराम म्हणाला, "ह्यानं पाण्याचा बी कडता कापला. शंभराला दोन."

आम्ही इतके हसलो की टोपीतल्या शेंगा सांडल्या. त्या दिवसापासून शिवशरणचं नाव कडता पडलं.

दुसरी गोष्ट एवढी हसण्यासारखी नव्हती. शिवशरण आदल्या वर्षी फक्त तबीइयातमध्ये नापास झाला होता. महालिंगप्पांनी त्याला आणखी एक वर्ष दिलं होतं. यंदा नाही जमलं तर जून महिन्यापासून दुकानात गादीवर बसायचं. आणि शिवशरणला मिरची सोसत नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानात एक तास बसलो होतो. लाल मिरचीची तीन पोती उलटली तेवढ्या वेळात त्याला बेचाळीस शिंका आल्या. मी मोजल्या होत्या. बाप म्हणायचा, सवय होईल. शिवशरणला वाटायचं की सवय व्हायच्या आधी आपण संपू.

म्हणून त्याचे मार्क काढायला आम्ही बसलो. गुरुलिंग हात आखडून मार्क देणारा. त्याच्या हिशेबानं पाचवा प्रश्न सोडून शिवशरणला सत्तावीस पडत होते. कोंडीरामच्या उदार हिशेबानं एकतीस. मी दोन्हींची सरासरी काढली: एकोणतीस. म्हणजे पाचव्या प्रश्नाचे आठ मिळाले तर पास, नाही मिळाले तर मिरची.

गुरुलिंगनं पर्चा घडी करून खिशात ठेवला. "लेका, पन्नास लिहायचं होतंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

शिवशरण म्हणाला की आपण चौघांनी मिळून पाहिलं होतं की अठ्ठ्याण्णव. हे खरं होतं, आणि कुणी ते काढणार नाही अशी मला आशा होती. हिवाळ्यात प्रयोगाच्या खोलीत आमच्या चौघांचं एक टेबल होतं. पाणी उकळलं, पारा अठ्ठ्याण्णवच्या रेघेशी थांबला. आम्ही पाच मिनिटं वाट पाहिली, दिव्याची वात वाढवली. पारा हलला नाही. मग गुरुलिंगनं पुस्तक उघडलं. पुस्तकात शंभर होते. त्यानं वहीत शंभर लिहिलं. मी त्याच्या वहीत बघून शंभर लिहिलं. कोंडीरामनं माझ्या वहीत बघून शंभर लिहिलं. शिवशरण टेबलाच्या पलीकडच्या टोकाला होता. त्याला आमच्या वह्या दिसत नव्हत्या आणि थर्मामीटर दिसत होता.

त्यानं नंतर मास्तरांना विचारलं होतं म्हणे. मास्तरांनी सांगितलं की उंच जागी हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं, आणि धाराशिव समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आहे. हे वाक्य शिवशरणनं उत्तराखाली जसंच्या तसं लिहिलं होतं. पर्चा काढणारे हैदराबादचे होते आणि पाणी कुठं उकळलं ते त्यांनी प्रश्नात लिहिलं नव्हतं.

"अन् मग पाणी हैदराबादेत उकळलं असंल तर?" कोंडीरामनं विचारलं.

"तर तिथं बी शंभर न्हाय," शिवशरण म्हणाला. "त्ये बी उंचावरच हाय."

आम्ही पुन्हा कडता म्हणून हसलो. पण दुपारी चौघंही मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तर म्हणजे सय्यद मुहीउद्दीन साहेब. ते आमच्याशी दखनीत बोलत आणि रागावले की शुद्ध उर्दूत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढीत बोटं फिरवली आणि म्हणाले की मुख्य परीक्षकांना चिठ्ठी लिहिता येईल. पण चिठ्ठीत काय लिहायचं? एका मुलानं म्हटलं म्हणून? त्या थर्मामीटरला शाळेत येऊन अकरा वर्षं झाली होती. काच जुनी झाली की पाऱ्याची जागा सरकते. बर्फात तो शून्य दाखवत नसेल, तर अठ्ठ्याण्णवला काय अर्थ?

"बर्फ लाव मियाँ," ते म्हणाले. "पैले सिफर देखेंगे, फिर चिठ्ठी."

लाव म्हणजे आण, सिफर म्हणजे शून्य. आणि बर्फ म्हणजे सोलापूर.

धाराशिवला बंडप्पाचं सोड्याचं दुकान होतं, पण लढाईमुळं त्याचा बर्फ दोन वर्षं बंद होता. सोलापुरात कारखाना होता. ते इंग्रजांचं राज्य, मध्ये सरहद्द, सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, आणि पेट्रोल नसल्यामुळं कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. बर्फ आणायला शिवशरण निघाला, वाटेत तो किती वितळतो त्याची वजनं लिहायला मी. महालिंगप्पांना सांगितलं की सोलापूरच्या अडतीचा मिरचीचा नमुना आणतो. पोरगा आपणहून मिरची आणायला निघालेला पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लाडवाचा डबा बांधून दिला.

कारखान्यात आम्ही दहा शेर बर्फाची लादी घेतली, लाकडाच्या भुश्श्यात गुंडाळली, वर दोन पोती. मोटारीत आमच्या शेजारी तुळजापूरला निघालेली एक म्हातारी बसली होती. इरम्मा नाव. पोतं तिच्या लुगड्याला लागलं तशी ती दचकली.

"एनप्पा इदु?" तिनं कानडीत विचारलं, हे काय आहे बाबा.

शिवशरणनं तिला कानडीतच समजावलं. मधून मधून तो शिंकत होता, कारण मिरचीचा नमुना त्याच्या खिशात होता. बर्फ आहे, पाणी कधी उकळतं ते तपासायचंय. इरम्मानं पोत्यावर हात ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि आमच्यासाठी मराठीत म्हणाली:

"पाणी तपासायला पाणीच न्हेता व्हय? तिकडं आड आटलं का?"

सगळी मोटार हसली. ड्रायव्हरनं मात्र आमची बाजू घेतली. घाट चढताना मोटारीचं पाणी हटकून उकळतं, खाली कधी उकळत नाही, असं त्यानं सांगितलं. मला ते लिहून घ्यावंसं वाटलं. मग लक्षात आलं की घाटात इंजिनालाही जास्त ओढावं लागतं. तेव्हा तो पुरावा धरता येत नव्हता.

नाक्यावर कारकुनानं पोतं उतरवलं. मालाच्या यादीत त्यानं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बर्फ सापडला नाही. मीठ होतं, साखर होती, काच होती. काचेच्या ओळीपाशी त्याचं बोट बराच वेळ थांबलं. शेवटी माल आधी तोलू आणि मग ठरवू असं त्यानं म्हटलं. काट्यावर साडेआठ शेर भरलं. त्यानं तो आकडा लिहिला, मोठ्या साहेबांना विचारायला आत गेला, आणि परत येऊन पुन्हा तोललं तेव्हा सव्वाआठ भरलं. त्यानं आमच्याकडं संशयानं पाहिलं. शिवशरणनं त्याला नम्रपणे सांगितलं की साहेब, आणखी थोडं थांबलात तर विचारायचं काही उरणार नाही. कारकुनानं आधीचा आकडा खोडला आणि आम्हाला जाऊ दिलं.

तुळजापूरला उतारू चढले-उतरले तेवढ्यात एका किराणा दुकानाच्या तराजूवर सहा शेर. इरम्मा उतरताना लिंबाएवढा तुकडा मागून घेऊन गेली, तो मी वजा धरला. धाराशिवला शाळेच्या दारात पोतं उतरवलं तेव्हा पावणेचार. माझ्या वहीतले हे आकडे पाहून कोंडीराम म्हणाला की एवढा कडता तर महालिंगप्पा पण कापत नाहीत.

मुहीउद्दीन साहेबांनी खोली उघडून ठेवली होती. बर्फ कुटला, काचेच्या भांड्यात भरला, त्यात थर्मामीटर उभा केला. बाहेर ऊन असं होतं की खिडकीच्या गजांना हात लावता येत नव्हता. पारा खाली उतरायला लागला. शिवशरण भिंतीशी उभा होता. तो जवळ येईना. पारा दोनवर आला, एकवर आला आणि एकच्या खाली रेंगाळला. साहेबांनी भिंग माझ्या हातात दिलं, मग कोंडीरामच्या, शेवटी गुरुलिंगच्या. प्रत्येकानं आपला आकडा कागदावर लिहायचा आणि दुसऱ्याला दाखवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. हिवाळ्यात त्यांनी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

तिघांचेही आकडे सारखे निघाले: शून्याच्या वर अर्धा अंश.

मग पाणी उकळलं. साहेबांनी थर्मामीटर पाण्यात न बुडवता वाफेत धरला. पुन्हा तीन कागद. सव्वाअठ्ठ्याण्णव.

साहेबांनी फळ्यावर वजाबाकी केली. थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो. सव्वाअठ्ठ्याण्णवातून अर्धा गेला, राहिले पावणेअठ्ठ्याण्णव. त्याचे निम्मे अठ्ठेचाळीस आणि सात अष्टमांश. त्यांनी शिवशरणला जवळ बोलावलं.

"तुम भी ग़लत," ते म्हणाले.

शिवशरणचा चेहरा उतरला. साहेब शांतपणे पुढं लिहीत राहिले: शिवशरणची चूक, एक अष्टमांश अंश. उरलेल्या तिघांची चूक, नऊ अष्टमांश.

"लेकिन ये तीनों नौ गुना ग़लत."

कोंडीरामनं नऊ या आकड्याची उजळणी केली आणि आपण एखाद्या गोष्टीत शिवशरणच्या नऊपट आहोत हे पहिल्यांदाच घडतंय असं सांगितलं. साहेब हसले. मग त्यांनी आमच्या प्रयोगाच्या चार वह्या कपाटातून काढून टेबलावर मांडल्या, आणि आमचं हसणं थांबलं.

चिठ्ठीबरोबर शिवशरणची वही पाठवायची होती, कारण त्यानं हे परीक्षेत ऐनवेळी रचलं नाही याचा तोच पुरावा. पण शाळेच्या रजिस्टरात एका टेबलावर चार नावं होती. परीक्षकानं उरलेल्या तीन वह्या मागितल्या, तर तिन्हींत शंभर. एकाविरुद्ध तीन साक्षीदार. आणि वह्यांचे वेगळे दहा मार्क असत. खोटा आकडा लिहिला हे कळलं तर ते जाऊ शकत होते. गुरुलिंगला पहिला वर्ग मिळणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं, आणि त्याच्या हिशेबात ते दहा धरलेले होते.

साहेबांनी आम्हाला काही करायला सांगितलं नाही. चारही वह्यांवर, शंभरवर आणि अठ्ठ्याण्णववर, आपली सारखीच सही आहे, तेव्हा चिठ्ठीत पहिल्यांदा आपलीच चूक लिहावी लागेल, एवढंच ते म्हणाले आणि दौतीचं झाकण काढलं.

खोलीत बर्फ ठिबकण्याचा आवाज येत होता. शिवशरण म्हणाला, "राहू द्या साहेब. माझी एकट्याची पाठवा."

गुरुलिंगनं त्याच्याकडं पाहिलं. "गप बस, कडत्या," तो म्हणाला, आणि स्वतःची वही पुढं ओढली. शंभरच्या खाली त्यानं उर्दूत लिहिलं, त्याच्या त्या सुंदर अक्षरात: पाहिले ९८, लिहिले १००. खाली सही केली. मी माझ्या वहीत तेच लिहिलं. कोंडीरामनं माझ्या वहीत बघून लिहिलं, आणि साहेबांनी त्याला विचारलं की निदान हे तरी स्वतःच्या मनानं लिहिता येत नव्हतं का. तो म्हणाला, मन माझंच हाय साहेब, निस्तं स्पेलिंग ह्याचं घेतलं.

उरलेल्या बर्फाचं सरबत झालं. इतक्या लांबून आणलेलं सरबत मी तोवर प्यालो नव्हतो, आणि त्यात भुस्सा होता. चिठ्ठी, चार वह्या आणि आमच्या तिघांच्या दोन-दोन आकड्यांचे कागद दुसऱ्या दिवशी टपालानं गेले.

उत्तर आलं नाही. मे महिना गेला. महालिंगप्पांनी गादीला नवी खोळ शिवून घेतली आणि शिवशरणला दाखवली. कोंडीराम रोज संध्याकाळी पेठेतून जाताना दुकानासमोर थांबून शिवशरणला विचारायचा, आज किती. आणि शिवशरण, जो नुसताच बापाला मदत म्हणून आत उभा असे, शिंकांचा आकडा सांगायचा. तो आकडा कमी होत नव्हता. गुरुलिंगही आठवड्यातून दोनदा त्या बाजूला येई. त्याला तिथं काही काम नसे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. मुहीउद्दीन साहेब मार्कांचा तक्ता घेऊन लिंबाखाली आले; आम्ही चौघं होतो आणि महालिंगप्पाही होते, दुकान नोकरावर टाकून. साहेबांनी चष्मा पुसला आणि वरून वाचायला सुरुवात केली. गुरुलिंगचा पहिला वर्ग. वह्यांचे मार्क दहापैकी पाच. माझे पाच, कोंडीरामचे पाच. मग त्यांनी शिवशरणच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि आम्ही सगळे त्या बोटाकडं वाकलो.

शिवशरण महालिंगप्पा. तबीइयात: शंभरपैकी छत्तीस. पास व्हायला लागत होते तेहतीस.